भोंगा वाजलाच नाही

गाडी चालवण्याच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवू नये! मी गाडी शिकलो ती झाशीजवळच्या बबीन्याला, लष्कराच्या छावणीत. रणगाड्यांनी उखणून ठेवलेल्या मैदानात, सुभेदार उत्तमराव मोहित्यांच्या जुन्या जीपवर! उत्तमराव म्हणायचे, "दिवाकरराव, बबीन्याच्या मातीत ज्याची गाडी फसली आणि निघाली, त्याला जगात कुठेही भीती नाही." माझी गाडी तिथे खूप वेळा फसली होती. त्यामुळे मी स्वतःला तयार ड्रायव्हर समजत होतो.

तर समुद्रकिनाऱ्यावर बग्गी चालवायची ही कल्पना माझीच. पण ती हौसेची नव्हती. घरात दुखणं होतं, म्हणून काढलेली ती तोड होती.

दुखणं असं, की माझ्या आईने रागावणं सोडलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की! नाही हो. झाशीत आमच्या खंडेराव गेटच्या आसपास आईचा, म्हणजे चंद्रभागाबाईंचा आवाज हा एक व्यवहार होता. लोक त्यावर घड्याळ लावत. सकाळी दूधवाला आला, की आई पातेल्यात बोट बुडवायची, बोटावरून दुधाचा थेंब कसा धावतो ते बघायची आणि गरजायची, "ठठरी बंधे! आज कुठली विहीर ओतलीस यात?" ठठरी म्हणजे तिरडी. तुझी तिरडी बांधो, अशी ही बुंदेली शिवी. ऐकायला भयंकर, पण आमच्याकडे ती दूधवाल्याला, भाजीवाल्याला, पोटच्या मुलालाही सरसकट घातली जाते. आईच्या तोंडी तर ती 'अरे बाळा' इतकीच जड होती.

मग गेल्या आश्विनात आमचे भाऊ गेले. भाऊसाहेब, म्हणजे माझे वडील. आमच्याच अंगणात, आईच्या डोळ्यांसमोर, खरोखरीची ठठरी बांधली गेली. त्या दिवसापासून तो शब्द तिच्या तोंडून आला नाही. आणि तो गेला तसे बाकीचे शब्दही गेले. जेवतेस? "हं, जेवते." भाजी खारट झालीय का? "बरी आहे." माझी बायको इंदू मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घालून बघायची. आई निमूट जेवायची. आम्हा दोघांच्या घशाखाली मात्र घास उतरायचा नाही.

दूधवाल्याने आधी थोडं पाणी वाढवून पाहिलं. आई गप्प. त्याने आणखी वाढवलं. तरी गप्प! शेवटी तो बिचारा घाबरला आणि निर्भेळ दूध घालायला लागला. मला दारात गाठून म्हणाला, "भैया, अम्मा खों का हो गओ? कछू बोलतई नइयां."

काय सांगणार त्याला? मला तर तिच्या रागावण्याची लहानपणापासून सवय. मी काही केलं, की आई म्हणायची, "थांब, ह्यांना सांगते!" संध्याकाळी भाऊ कचेरीतून आले, की ती खरंच सांगायला बसायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिखटमीठ लावून. भाऊ डोळे मिटून फक्त "हं" म्हणायचे. ती पुढे सांगायची, ते पुन्हा "हं". तेवढ्यावर तिचं सगळं शांत व्हायचं. मार मला कधीच मिळाला नाही. घरात आता तो "हं" नव्हता. मग ती कुणावर आणि कशाला रागावणार?

आता समुद्राचं. भाऊंना समुद्राचा फार अभिमान! आमचे पूर्वज कोकणातून झाशीला आले, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. भाऊ मात्र कालच बोटीतून उतरल्यासारखे म्हणायचे, "आपण समुद्राकाठची माणसं!" समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या थंडीत जाऊ. ती पुढची थंडी आली तेव्हा भाऊ नव्हते.

मी इंदूला म्हटलं, "आईला समुद्र दाखवू. मोकळी हवा लागेल. ती बोलती होईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर बग्गीत बसवू! कोकणात उत्तमरावांच्या गावाकडे किनाऱ्यावर भाड्याने मिळतात. मोठ्या चाकांच्या, वाळूत पळणाऱ्या. मीच चालवीन!"

"बग्गी?" इंदू म्हणाली. "वरातीतली? या वयात आई घोड्यांमागे बसणार?"

मी तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघून म्हणाली, "यापेक्षा घोडे बरे."

आईला विचारलं. आई म्हणाली, "बरं."

कोकणात पोचलो आणि समुद्र समोर आला. मला वाटलं होतं, तो पाहून आईचा बांध फुटेल. ती रडेल, काहीतरी बोलेल. ती पदर सावरून उभी राहिली आणि बघत राहिली. मी विचारलं, "कसा आहे?"

"मोठा आहे," ती म्हणाली.

इंदूने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. इतक्या लांब येऊन एवढंच? भर उन्हात मला एकदम थकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बग्गी. बग्गीवाल्या पोरसवद्या माणसाचं नाव गजानन. मी त्याच्याशी ऐटीत मराठीत बोललो. तो म्हणाला, "काका, तुम्ही यूपीचे काय? हिंदीतून बोला, मला येते."

मी म्हटलं, "अरे भैया, आम्ही मूळ इथलेच हैं!"

गजानन हसला नाही, एवढा तो सज्जन. म्हणाला, "मी सोबत बसतो काका. वाळू फसवी असते."

"काही गरज नाही. मी बबीन्याला शिकलोय."

"ते कुठे आलं?"

या प्रश्नाचा मला राग आला. तो पुढे म्हणाला, "बरं, वरच्या सुक्या वाळूतून जावा. खाली पाण्याजवळ थांबू नका. भरतीची वेळ आहे, पाणी चढणार."

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा आणि मी तो चंद्राच्या आकृतीसकट सोडवायचो. पण पुस्तकातलं पाणी किती चढतं ते आकृतीत दिसत नाही. मी आभाळाकडे बघितलं. एक ढग नाही! माघ महिना! आमच्या बेतवा नदीला पाणी चढतं ते पावसाने, नाहीतर वरच्या धरणाचे दरवाजे उघडले तर. आणि दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवतात. लांबलचक भोंगा! तो वाजला की कपडे धुणाऱ्या बायका पिळे उचलतात, गाडीवाले गाड्या काढतात. सरळ हिशेब आहे. मी मनात म्हटलं, भोंगा वाजला की निघू.

बग्गी सुरू झाली. आई मागे, मांडीवर तिची कापडी पिशवी. इंदू माझ्याशेजारी, दोन्ही हातांनी दांडा धरून. मी वाळूतून बग्गी अशी काढली, की उत्तमराव असते तर सलाम ठोकला असता!

"आई, मजा येतेय ना?" मी ओरडलो.

"हो."

मी वेग वाढवला. एका उंचवट्यावरून बग्गी उडाली. इंदू किंचाळली. आई वर गेली आणि परत बसली.

"आता?"

"हो रे."

किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माणूस नाही काणूस नाही, अशा जागी आम्ही पोचलो. इंदू म्हणाली, "आईंना पाण्यात पाय तरी बुडवू द्या." मग मी झाशीचा माणूस जे करतो तेच केलं. ओरछ्याला बेतवेवर आम्ही काय करतो? गाडी थेट पाण्याच्या काठाशी नेतो. म्हातारं माणूस दार उघडून सरळ पाण्यात पाय टाकतं, चालावं लागत नाही. मी बग्गी अगदी पाण्याला भिडवून उभी केली. वाळू छान ओली, घट्ट!

आई पाण्यात उभी राहिली. आम्ही वर येऊन खडकावर बसलो आणि झाशीहून आणलेले बेसनाचे लाडू काढले. थोड्या वेळाने आईही आली. लाडू घेतला. मी म्हटलं, "कडक झालाय ना?" ती म्हणाली, "चांगला आहे." इंदूने डोळ्यांना पदर लावला.

"अहो," इंदू म्हणाली, "चाकं बुडाली."

"लाट आहे. आली तशी जाईल."

ती गेली. तिच्यामागून आली ती मोठी. तीही गेली, पण पूर्ण गेली नाही.

"अहो, पायरीपर्यंत पाणी आलं!"

"भोंगा कुठे वाजला?" मी म्हटलं.

इंदूने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाची इतकी वर्षं तिने माझ्याबद्दल काय काय मनात ठेवलं असेल ते मला एका क्षणात कळलं.

मी धावलो! बग्गी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली खाली गेली. काही हरकत नाही, बबीन्याचा उपाय माझ्याकडे होता. फसलेल्या चाकाखाली गोणपाट घालायचं, चाक त्यावर चढतं. गोणपाट नव्हतं. माझा टॉवेल घातला, समुद्राने नेला. इंदूची शाल घातली, चाकाने गिळली. मागच्या सीटवर आईची पिशवी होती. मऊ लागली. मी न बघता ती चाकाखाली कोंबली आणि स्टिअरिंगवर बसवलेल्या इंदूला ओरडलो, "दाब! पायाने दाब!"

इंदूने दाबलं. चाकाने पिशवी फाडली, आतलं काहीतरी गरगर फिरवलं आणि वाळूसकट फाडकन माझ्या तोंडावर फेकलं. मी ते डोळ्यांवरून काढलं. चॉकलेटी, लोकरीचं, लांब. त्याला अजून बामाचा वास होता.

भाऊंचा मफलर! दिवाळीपासून होळीपर्यंत जो त्यांच्या गळ्यातून निघायचा नाही, तो!

मी वर पाहिलं. आई पाण्यात गुडघ्याइतकी उतरून माझ्याकडे येत होती.

"अरे ठठरी बंधे!"

लाटांपेक्षा मोठा आवाज! इंदूचा पाय सटकला आणि इंजिन बंद पडलं.

"डोळे फुटले का तुझे मेल्या? पिशवीला हात लावायच्या आधी विचारता येत नाही? केस पिकले, चष्मा लागला, आणि समुद्रात गाडी धुवायला निघालायस! भोंगा म्हणे! समुद्राला काय दरवाजे असतात? वर कोण चौकीदार बसलाय किल्ली घेऊन? तो मुलगा सांगत होता, पाणी चढेल, पाणी चढेल! पण तुझं आपलं बबीना, बबीना! आग लागो तुझ्या बबीन्याला! आणि तू ग इंदू? हा म्हणतो दाब, तू दाबतेस? आमटीत मूठ मूठ मीठ घालतेस, मला काय जीभ नाही?"

इंदू खाली उतरली, आम्ही दोघं भिजत उभे. मी तर हसत होतो! इंदू रडत होती आणि हसत होती. आई बोलत होती! अशी बोलत होती, की वाटलं ही भरती कधी उतरूच नये.

"दात काय काढतोस? चल घरी! घरी चल तू, ह्यांना सांगते सगळं—"

आणि ती थांबली.

पाणी येत होतं, जात होतं. तिने माझ्या हातातून मफलर घेतला, पिळला, पुन्हा उलगडला.

"त्यांनी बघायला पाहिजे होता रे समुद्र," ती म्हणाली. "ते नाही, तर निदान हा तरी बुडवून आणावा म्हणून आणला होता. मघाशी पाण्यात उभी राहिले, पण पिशवी मागेच राहिली. परत येऊन न्यावा, तर हात होईना. एकदा धुतला, की वास जाणार."

मी चाकाखालून फाटकी पिशवी ओढून काढली.

बग्गी परतली नाही म्हणून शेवटी गजानन आला, तो बैलजोडी आणि दोर घेऊन. बग्गीचे दिवे बुडाले होते. बैलांनी ती ओढत वर काढली आणि तशीच ओढत गावात नेली. दुतर्फा पोरं नाचत होती. इंदू म्हणाली, "घ्या, झाली वरात!" आई आमच्यापुढे चालत होती. ओला मफलर तिने स्वतःच्या गळ्यात गुंडाळला होता, त्या उकाड्यात.

झाशीला परतलो. दूधवाला पुन्हा पाणी घालतो. पहिल्याच दिवशी त्याला कचकचीत शिवी बसली आणि तो गल्लीभर सांगत सुटला, "अम्मा ठीक हो गईं!"

ठीक कसली हो. रोज संध्याकाळी दिवा लावला, की आई भाऊंच्या फोटोसमोर बसते. फोटोला हाराऐवजी तो मफलर आहे. आणि मग ती माझी तक्रार सुरू करते. पहिल्यापासून. "ऐकलंत का, त्या पोराने याला बजावून सांगितलं होतं..." बग्गी दर वेळी आणखी खोल बुडते. परवा तर बैलही बुडता बुडता वाचले. मध्ये मध्ये ती थांबते, जरासं थांबते, आणि मग पुढे बोलते. कशासाठी थांबते ते मला माहीत आहे. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतो आणि त्या थांबण्याच्या वेळी मला वाचता येत नाही.

काल मला राहवलं नाही. ती म्हणाली, "आणि विचारतो काय, तर भोंगा कुठे वाजला!" आणि थांबली.

मी आतून हळूच म्हटलं, "हं."

मग तिचा आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस, ठठरी बंधे! मी ह्यांना सांगतेय."