चार रंगांच्या फौजेची शिकस्त आणि पऱ्ह्यांची रोवणी

श्री. घडले एक आणि गावभर बोलले जाते दुसरेच, म्हणोन आम्ही सुशिलाबाई, आमगावानजीकच्या तीन एकर धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मालकीण, हा मजकूर खुद्द लिहितो. आमची शाळा दोन यत्तांची, परंतु नजर पुरी आहे.

वर्तमान ऐसे जे, आमचे नातू चिरंजीव राजश्री योगराज नागपुराहून मोठी विद्या करून ऐन आषाढात दाखल जाहले आणि मोबाईलात माणूस ओळखण्याचे शास्त्र घेऊन आले, आणि शास्त्राचे म्हणणे की यच्चयावत माणसे चार रंगांची : लाल ती हुकूम करणारी, पिवळी ती बोलकी, हिरवी ती मवाळ, निळी ती मुकी, आणि वीस सवाल पुसले की रंग कळतो, आणि एका रंगाची माणसे एकत्र लावली की काम दुप्पट होते. मग चिरंजीवांनी आमच्या रोवणीच्या बारा बायांची सवालांनी झडती घेतली. कपाळावर रंग फासले नाहीत, एवढी मेहेरबानी.

रविवारी सकाळी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून पेंड्या बांधून जाहल्या. उपटलेला पऱ्हा त्याच दिवशी चिखलात गेला पाहिजे, नाही तर वर्षाचे धान गेले, आणि कालव्याच्या पाण्याची आमची पाळीही सांजेस सरणार. ऐशा बिकट समयी चिरंजीवांनी फौज फोडली. चार लाल बाया एका बांधीत घातल्या, त्या चौघीही हुकूम करू लागल्या आणि वाकली कोणीच नाही. पिवळ्यांनी केशोरावाच्या सुनेचा यथास्थित समाचार घेतला आणि दोन हात जागा रोवली. हिरव्या 'तू आधी घे वो, तू आधी घे' करीत धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, उभ्या. आणि निळ्यांत घातली मंजू, जी वीस वर्षे आमच्या रोवणीच्या बिनीवर राहून गाणे उचलते, आणि जिच्या गाण्यावर बारा जणींचे हात एकदम चिखलात जातात. ती कडेच्या बांधीत, म्हणोन गाणे नाही, आणि गाणे नाही म्हणोन हाताला चाल नाही. दोन प्रहरी पेंड्यांनी उन्हात माना टाकल्या.

मग मंजू अपमान मानून वर आली, आणि पाय धुतले, आणि बाया घेऊन शेजारच्या बकारामाच्या रोवणीस जाण्याची मसलत केली. बकाराम टपलेलाच होता, तो धुऱ्यावर येऊन हसला.

तेव्हा आम्ही काठी टेकीत जातीने मैदानात उतरलो आणि चिरंजीवांस जाब पुसला. त्यांनी अर्ज केला की बोलणे आवडत नाही, माणसे नकोत, ही उत्तरे मंजूबाईंचीच आहेत, आणि माणसाचा मूळ स्वभाव बदलत नसतो. आम्ही मंजूकडे पाहिले.

"बुधवारी इचारलं ना यानं, काकी," मंजू म्हणाली. "त्याच दिवशी माह्या पोरीले, गुंजनले, गोंदियाच्या होस्टेलात सोडून आली होती मी. मंग कोणाशी बोलाव वाटते?"

यावर आम्ही फर्मान काढले की तेच वीस सवाल याच घडीस, याच उन्हात, सर्वांसमक्ष पुन्हा पुसावे. पुसले. मंजू रागाने फणफणत होती, सबब शास्त्राने तीस लाल ठरविली. चिरंजीव म्हणाले की यातला एक निकाल चुकला असेल.

"दोनी बरोबर हायेत, बाबू," आम्ही बोललो. "बुधवारी तशी होती, आज अशी हाये. तू चार दिवस कोणासंग राहून पाहिला काय कधी? फोन ठेव आन् पेंड्या पोचव."

मग चिरंजीवांनी मंजूपाशी जाऊन माफी मागितली, आणि तिने लगेच दिली नाही, आधी पेंड्या आणावयास लाविल्या. मग बारा जणी एका ओळीत उभ्या राहिल्या, भांडकुदळ मुकीच्या शेजारी, आणि मंजूने गाणे उचलले, आणि बकाराम मुकाट्याने माघारी फिरला.

दिवस मावळावयाच्या आत उपटलेल्या पऱ्ह्यांची रोवणी फत्ते जाहली. सात पेंड्या उन्हाने कामी आल्या. बाकी सर्व पऱ्हे पाण्यात उभे आहेत. कोणती ओळ कोणत्या रंगाच्या बाईने लावली, हे खुद्द चिरंजीवांस धुऱ्यावर उभे करून पुसले. सांगता आले नाही.