मिरचीला लागलेलं वांगं

परसबागेतलं मला सगळं कळतं, असं मी शाळेत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. फलकही मीच रंगवून घेतला : 'शाश्वत परसबाग. मार्गदर्शक : श्री. अमृत पाटील सर.' खाली बोटभर जागा उरली, तिथे 'व विद्यार्थी'.

विद्यार्थ्यांनी फक्त जमीन खणली, शेणखत वाहिलं, हात धुण्याचं पाणी चर काढून वाफ्यांत सोडलं आणि घरून गावठी बी आणलं. बाकी सगळं मी केलं. म्हणजे, सावलीत उभा राहिलो.

एका सोमवारी प्रार्थना संपताच मुख्याध्यापक हिंमतराव सर धापा टाकत आले.

"पाटीलसर, बागनी स्पर्धानी समिती आज दुपारले येई ऱ्हायनी. तयार शे ना?"

"एकदम तयार, सर!"

पंधरा दिवस मी बागेकडे फिरकलो नव्हतो. जाऊन पाहतो तर झाडं हिरवीगार, पण फळ औषधालाही नाही. मी स्वयंपाकघरात धावलो. तिथे भुरीबाई खिचडी ढवळत होत्या.

"वांगी कुठे गेली?"

"खिचडीत."

"आणि टोमॅटो?"

"आमटीत. दीडशे पोरं आहेत, सर."

मी मोटारसायकल काढली आणि तासाभरात विसरवाडीहून दोन पिशव्या भाजी आणली. मग वर्गातलं दोऱ्याचं रीळ घेऊन झाडाझाडाला ती बांधत सुटलो. सातवीची गायत्री आणि भरत शेजारी येऊन उभे राहिले.

"सर, ही मिरची आहे," भरत म्हणाला. मी तिला वांगं बांधत होतो.

"लांबून कळत नाही."

"पण तिला पेलत नाही ना, सर."

मिरची खरंच नव्या सुनेसारखी वाकली होती. तेवढ्यात फाटकात जीप थांबली.

समितीच्या चारुलता मॅडम सरळ त्याच वाफ्याशी आल्या. "वा, काय भरदार वांगं! तोडू?" म्हणत त्यांनी ओढलं. दोरा माझ्या गाठीचा, तुटतोय कसला? अख्खी मिरची मुळासकट त्यांच्या हातात आली.

"ही कुठली जात, सर?"

"संकरित," मी म्हणालो.

मॅडमनी गायत्रीला विचारलं, "तुमची खरी भाजी कुठे आहे?"

"आम्ही रोज खातो, मॅडम. आजची तिकडे शिजतेय."

मॅडम स्वयंपाकघरात गेल्या, वाटीभर खिचडी खाल्ली, भुरीबाईंशी अर्धा तास बोलल्या. हिंमतराव माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, की माझी बदली त्यांनी मनातल्या मनात पार डोंगरातल्या धडगावला पोहोचवलीही असावी.

पंधरवड्याने निकाल आला. आमची शाळा पहिली. कारण, 'बागेतली भाजी मुलांच्या ताटात जाते.' स्पर्धेच्या परिपत्रकात पहिला निकष हाच होता. परिपत्रकावर 'वाचले' म्हणून सही माझी होती.

प्रमाणपत्रावर मुलांची आणि भुरीबाईंची नावं आली. माझं नाव सोबतच्या पत्रात होतं : श्री. पाटील यांनी दर शनिवारी विद्यार्थ्यांकडून बागकामाचे प्रशिक्षण घ्यावे.

पहिल्या शनिवारी गायत्रीने माझ्यापुढे दहा रोपं ठेवली आणि नावं विचारली. तीन बरोबर आली.

"आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, सर," असं म्हणून तिने माझ्या हातात खुरपं दिलं.