सकिनाचाचींना दिसलेला निकाह

ज्याला एखादी वस्तू वापरायची असते तो ती विकत घेतो, आणि ज्याला तिच्यातलं कळतं तो पुढच्या मॉडेलची वाट बघतो. समाज पुढे जातो तो या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे, असं आमच्या मंडळाचं ठाम मत आहे. (ठराव क्रमांक दोन. ठराव क्रमांक एक चहात साखर कमी घालण्याबद्दल होता, तो फेटाळला गेला.)

रत्नागिरी आभासी वास्तव रसिक मंडळ. स्थापना पाच वर्षांपूर्वी. सभासद सतरा. सभासदांकडे मिळून हेडसेट शून्य. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो, हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक जाडजूड चष्मा. तो लावला की माणूस बसल्याजागी हिमालयात जातो आणि परत येताना टीपॉयला धडकतो.

आता शून्य हा आकडा ऐकून लोक दात काढतात. काढोत. पहिल्या वर्षी आम्ही घेणारच होतो, पण दिवाळीत नवीन येतोय अशी पक्की बातमी होती. दिवाळीत तो आला, पण त्याच्या लेन्सबद्दल अमेरिकेतला एक माणूस नाराज होता. तिसऱ्या वर्षी तो बनवणारी कंपनीच हा धंदा बंद करणार अशी कुणकुण लागली. चौथ्या वर्षी बंद करणार नाही अशी लागली, त्यामुळे संशय अधिकच वाढला. थोडक्यात, घाई करणारे सगळे फसले आणि आम्ही आजतागायत एकदाही फसलेलो नाही. असं दुसरं मंडळ कोकणात दाखवा.

दर रविवारी सकाळी दहाला मुझम्मिलच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागे आमची सभा भरते. आजवर दोनशे बारा सभा झाल्या. पैकी शहाण्णव लेन्सवर, एकसष्ट गेम्सवर, चाळीस कुठली कंपनी बुडणार यावर आणि पंधरा आंब्यावर. (एप्रिल-मे. इलाज नाही.) गेम्सच्या बाबतीत मुझम्मिलचा अधिकार मोठा. तलवारबाजीच्या एका गेममधला तिसऱ्या पातळीवरचा राक्षस कसा कापायचा, हे तो हात करून दाखवतो. हा गेम त्याने दुसऱ्यांना खेळताना चाळीस तास पाहिला आहे.

आमचे अध्यक्ष अनिल भाटकर, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगितल्याशिवाय ते नवीन माणसाशी बोलत नाहीत. आणि तेजस्वी, बँकेत असते. सतरा जणांत हेडसेट प्रत्यक्ष डोळ्यांना लावलेली ती एकटीच. पुण्यातल्या मॉलमध्ये, नऊ मिनिटं. साहजिकच तिची मतं एकांगी असतात. तिने "मी लावलं होतं तेव्हा" असं वाक्य सुरू केलं की अध्यक्ष घंटी वाजवतात.

मी सचिव. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. इतिवृत्त लिहावं तर मीच. आमची ही म्हणते, "सतरा बाप्ये मिळून एक चष्मा आणवत नाय, नि निघालेत जग बदलायला!" त्या सतरांत तेजस्वी बाप्या नाही, ही चूक मी तिच्या लक्षात आणून दिली. त्यावर ती जे बोलली ते इतिवृत्तात येत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्यावर हेडसेट येऊन आदळला.

झालं असं, की गावातल्याच राजिवडा मोहल्ल्यात मुझम्मिलची सकिनाचाची राहते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. मुलगा युसुफ कुवेतला. युसुफची थोरली मुलगी इफ्फत आठ वर्षांची होईपर्यंत चाचींकडेच वाढली. तिचा निकाह कुवेतलाच ठरला. चाचींना विमानात बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तेव्हा युसुफने एक युक्ती काढली. हॉलमध्ये पहिल्या रांगेत चाचींच्या नावाची खुर्ची ठेवायची, खुर्चीवर चहूबाजूंचं टिपणारा कॅमेरा ठेवायचा, आणि इकडे चाचींनी हेडसेट लावून बसायचं. म्हणजे मान वळवावी तिकडचं दिसणार. शुक्रवारी आपल्याकडच्या साडेचारला निकाह, आणि बरोबर पाचला इफ्फत त्या खुर्चीसमोर येऊन दादीला सलाम करणार, दुआ घेणार. येणाऱ्या एका माणसाबरोबर त्याने हेडसेट पाठवून दिला. मुझम्मिलला फोन करून म्हणाला, "तुमचं मंडळ आहे ना त्यातलं? फक्त अम्मीच्या डोळ्यांवर नीट लावून द्या. आणखी काही नको."

फक्त लावून द्या! पाच वर्षांच्या तपश्चर्येला कोणी असं म्हणावं?

तीन आठवडे हातात होते. पहिल्या रविवारी खोका उघडण्याचा समारंभ झाला. (नारळ, पेढे, अध्यक्षांचं पन्नास मिनिटांचं भाषण.) खोक्यात मागच्या पिढीचं मॉडेल निघाल्यामुळे खेदाचा ठराव मांडण्यात आला आणि दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. दुसऱ्या रविवारी चाचींची बुबुळं मोजायला त्रिसदस्यीय समिती राजिवड्यात गेली. चाचींनी समितीला नानखटाई दिली, चहा दिला, आणि डोळ्यांजवळ पट्टी आली तशी म्हणाल्या, "माप घेतलास ता बरा केलास रे, पण कफन एवढ्यात शिवू नको." अध्यक्षांनी त्रेसष्ट मिलिमीटर अशी नोंद केली. तिसऱ्या रविवारी चाचींना मान कोणत्या वेगाने वळवावी याचं प्रशिक्षण दिलं.

या सगळ्यात एकच माणूस आडवा आला. चाचींची धाकटी मुलगी कौसर, शाळेत शिक्षिका, चाचींजवळच असते. ती म्हणाली, "मोबाईल हाय ना माझा. व्हिडिओ कॉल लावते, अम्मी बघेल. कशाला एवढा घाट?"

अध्यक्षांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमच्याकडे हापूस म्हणून पायरी विकणाऱ्याकडे बघतात. "मॅडम," ते म्हणाले, "ते चपटं असतं."

"लग्न दिसल्याशी मतलब ना?"

"राहू दे गो," चाची मध्ये पडल्या. "हौसेनं करतायत. करू दे त्यांना."

शुक्रवार उजाडला. दुपारी तीनलाच आम्ही सतराच्या सतरा जण राजिवड्यात हजर. माझी अर्धी रजा. चाचींनी ठेवणीतली हिरवी ओढणी घेतली होती, हाताला अत्तर लावलं होतं आणि दोन वाजल्यापासून खुर्चीत बसून होत्या. हेडसेट चार्ज होता. तेजस्वीने तो सकाळी घरी लावून पाहिला होता, सगळं ठाकठीक चालत होतं. म्हणजे चाचींच्या डोळ्यांवर चढवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

पण तेवढं काम करायला मंडळ कशाला लागतं? ते तर कोणीही केलं असतं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी अध्यक्षांनी एक बातमी वाचून दाखवली. आदल्याच दिवशी कंपनीने नवी प्रणाली सोडली होती आणि तिच्यात हात ओळखण्याची क्षमता नऊ टक्क्यांनी सुधारली होती. चाची दुआ मागायला हात उचलणार. ते हात नऊ टक्के कमी ओळखले गेले तर? सभा जागच्या जागी भरली. अपडेट करावं की नाही यावर मतदान झालं. बाजूने सोळा, विरुद्ध एक. (तेजस्वी. "आत्ता नको हो, चालतंय ते चालू दे" असं ती म्हणाली. घंटी वाजवण्यात आली.)

तीन पन्नासला अपडेट सुरू केलं आणि वेळ वाचावा म्हणून त्याच अवस्थेत हेडसेट चाचींना चढवला. "चाची, आधी एक रेघ सरकताना दिसेल, ती पूर्ण झाली की निकाह," असं समजावलं. चाची म्हणाल्या, रेघ दिसते आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चार दहाला मुझम्मिलने राउटर उचलून चाचींच्या खुर्चीशेजारी आणला, म्हणजे सिग्नल तगडा मिळेल. त्यासाठी तो दोनच मिनिटं बंद करावा लागला. मग इंटरनेटवरचा भार कमी करायला घरातले सगळे मोबाईल बंद करण्याचा आदेश निघाला. कौसरने कुरकुर केली, पण तिच्याही मोबाईलची कळ अध्यक्षांनी स्वतः दाबली. चाचींना दिसतंय ते बाहेर एखाद्या पडद्यावर बघण्याची सोय असते, तीही आम्ही ठेवली नाही. त्याने चित्राची प्रत घटते. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आम्ही जाणकार आहोत.

"चाची, दिसतंय का?"

चाचींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाल्या, "दिसताय रे, दिसताय."

काय सांगू तुम्हाला! पाच वर्षं, दोनशेवर सभा, लोकांचे टोमणे, सगळं फिटलं. मुझम्मिलचे डोळे भरून आले. आम्ही दर दोन मिनिटांनी विचारत राहिलो, चाची दर वेळी "दिसताय" म्हणत राहिल्या. एकदा डावीकडे मान वळवली, एकदा उजवीकडे, अगदी शिकवलेल्या वेगाने. भिंतीवरच्या घड्याळाने पाचचे ठोके दिले आणि चाचींनी दोन्ही हात उचलले. ओठ हलत होते. मग समोरच्या हवेत, इफ्फतचं डोकं असेल तेवढ्या उंचीवर, त्यांनी हलकेच हात फिरवला. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "बघा. नऊ टक्के."

साडेपाचला हेडसेट उतरवला. मोबाईल सुरू केले तसा इफ्फतचा फोन आला. "दादी, दिसले मी? मी तुझ्याकडे बघूनच बोलत होते!"

"दिसलीस गो," चाची म्हणाल्या. "चांदासारखी दिसलीस."

तांत्रिक अहवाल लिहायचा म्हणून हेडसेट मी घरी आणला. हात धुतले, आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला. काळोख. कळ दाबली तशी एक ओळ उमटली: अपडेट एकसष्ट टक्क्यांवर खंडित, वेळ चार वाजून अकरा मिनिटं. म्हणजे राउटर हलवला तेव्हा. त्यानंतर त्या यंत्रात काही म्हणजे काही दिसलेलं नव्हतं. चाची सव्वा तास मिट्ट काळोखात बसून होत्या.

मला लाज वाटली. (ही नोंद इतिवृत्तात नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी उठून राजिवड्यात गेलो. कौसर शाळेत गेली होती. चाचींनी आधी चहा ठेवला, मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कळला वाटतं तुला."

"चाची, सांगितलं का नाहीत?"

"कसा सांगू? सतरा मानसां भोवती उभी. चाची दिसताय काय, चाची दिसताय काय. जसा काय तुमचा दहावीचा निकाल लागनार हाय. मला नाय म्हनवेना."

"आणि ते हात उचललेत ते?"

"पाचचे ठोके ऐकले ना मी. पोर तिकडं खुर्चीपुढं उभी असेल, म्हटलं. आपन हितून दुआ द्यावी." त्यांनी ओढणीने डोळे टिपले. "आता एक कर. युसुफाला सांगू नको. माझ्यासाठी खुर्ची मांडलेली त्यानं. कौसरलाही नको. ती तुमच्या अंगावर धावेल."

त्या समारंभाचं चित्रण युसुफकडे आहे. पण चाची ते मागू शकत नाहीत, कारण त्यांनी ते पाहिलेलं आहे. कौसरही दाखवत नाही, त्याच कारणाने. मागून आणू शकेल असा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, तो म्हणजे मी. त्यासाठी मला युसुफला एवढंच सांगावं लागेल, की आम्ही माती खाल्ली.

म्हणून मी अहवाल लिहिला. "प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी. लाभार्थी समाधानी. लाभार्थीने एकूण चौतीस वेळा दिसत असल्याची ग्वाही दिली." तो वाचून खेड, पाली आणि गुहागरहून अकरा अर्ज आले. अकराही घरांत एक म्हातारं माणूस आहे आणि परदेशी एक खुर्ची मांडलेली आहे. अध्यक्षांनी अकरा जणांची बुबुळं मोजायला घेतली आहेत.

अहवाल मंडळाच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पंधरा प्रतिक्रिया आल्या. चौदा जणांनी आणखी तपशील मागवला. तेजस्वीने एकटीने लिहिलं, "चाची तेव्हा इतक्या गप्प का होत्या?" विषयाला धरून लिहावं अशी तिला समज दिली. बिचारे ते चौदा, त्यांना खरं काय झालं ते ठाऊक नव्हतं.

तुम्हाला आता सगळं ठाऊक आहे. ते चित्रण मी चाचींना दाखवलं का, हे विचारायला तुम्ही मोकळे आहात. नाही दाखवलं, आज महिना होतो. पण तो हेडसेट कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, हे मी इथवर मुद्दामच सांगितलेलं नाही. वाचताना यातला कुठला प्रश्न तुमच्या मनात आधी आला, ते तुमचं तुम्हाला माहीत. दुसरा आला असेल तर दर रविवारी सकाळी दहाला, मुझम्मिलच्या दुकानामागे. खुर्च्या आहेत.