आईंच्या नावाने

"आई, आता तुम्हाला ओरडावं लागणार नाही," सूनबाई म्हणाली, आणि पहिली चूक तिथेच झाली. आईंना ओरडावं लागत नव्हतं, आवडत होतं.

घराच्या मागच्या अंगाला पडद्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत आईंची खुर्ची, मागे कापड कापणारे मास्तर, त्यांच्या पलीकडे शिलाईच्या बायका आणि दाराशी व्हॅन घेऊन ड्रायव्हर. एवढ्या सगळ्यांना आईंचा आवाज खुर्चीत बसल्या जागेवरून पुरायचा. पण हल्ली गुडघ्यांचं बघून घसाही कुरकुर करायला लागला होता. म्हणून सूनबाईनं त्यांच्या फोनमध्ये नोंदी ठेवायचं अ‍ॅप घालून दिलं. शाळेशी आईंची ओळख तोंडदेखलीच, त्यामुळे लिहिण्याचा प्रश्न नव्हता. बटण दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपली आपण उमटायची. मग सूनबाई ती नोंद उचलायची आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकायची.

हे उचल-टाक करण्यात तिचा अर्धा दिवस जायचा. शेवटी तिनं ही दोन्ही अ‍ॅप एकमेकांना जोडूनच टाकली. आई नोंदीत बोलल्या की निरोप थेट ग्रुपवर, तोही आईंच्या नावाने.

"आणि त्यावर ते काय म्हणाले, हे मला कोण सांगणार? वारा?" आईंनी विचारलं.

"त्याचीही सोय करते." सूनबाईनं उलटी जोडणीही करून दिली. ग्रुपवर कोणी उत्तर दिलं की ते आईंच्या नोंदींत येऊन बसणार. स्वतःवर भलतीच खूश झाली ती. शिकलेल्या माणसांचं हेच असतं. दार उघडायला सांगितलं तर भिंत पाडून देतात.

"बरं," आई म्हणाल्या. "नाट्यगृहाचा पडदा आज संध्याकाळच्या खेळाआधी वर चढला, तर उद्यापासून ऑर्डरी तू घ्यायच्या. नाही चढला, तर हे सगळं गुंडाळायचं आणि मुकाट्यानं बायकांबरोबर शिलाईला बसायचं. आहे कबूल?"

"कबूल!" सूनबाईनं श्वासही घेतला नाही. लग्न होऊन आल्यापासून ती ह्याच एका वाक्याची वाट बघत होती.

त्यातून हे गिऱ्हाईक फुगलेलं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी पडद्याला पिवळाधमक रंग सुचवला होता. आई त्यांना तोंडावर म्हणाल्या, "लोक नाटक बघायला येतात, कावीळ करून घ्यायला नाही." त्यांनी निमूटपणे लाल मखमल घेतली, पण खिडक्यांचे पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं दुसरीकडे टाकीन, असं बोलून गेले. त्यांचा राग निवावा म्हणून सूनबाईनं त्यांनाही कारखान्याच्या ग्रुपवर घेतलं होतं. काम कसं पुढे सरकतंय ते त्यांना दिसावं, हा हेतू. ते सगळं वाचायचे, बोलायचे मात्र काही नाहीत.

सूनबाई पडद्याची दोरी आणायला बाजारात गेली. आईंनी बटण दाबलं आणि बोलल्या, "मास्तर, झालर खालून दोन बोटं वाढवा." फोन टेबलावर उपडा ठेवला आणि चहा मागवला.

आता ह्या कारखान्याची एक शिस्त होती. आईंनी काही सांगितलं की सगळ्यांनी "हो आई" म्हणायचं. काम कोणाचंही असो, ऐकलं त्यानं म्हणायचं. नुसती मान हलवलेली खपायची नाही. मान बैलही हलवतो, असं आईंचं मत.

तेव्हा मास्तरांनी कात्री ठेवली आणि ग्रुपवर लिहिलं, "हो आई." ते उत्तर आईंच्या नोंदींत गेलं. नोंदींत नवीन काही आलं की ते ग्रुपवर टाकायचं, एवढंच यंत्राला ठाऊक. त्यानं टाकलं. ग्रुपवर आईंच्या नावाने निरोप आला, "हो आई."

मास्तर चष्मा पुसून परत बघू लागले. "आई कोणाला 'हो आई' म्हणतायत?"

"आपल्या आईची आठवण आली असेल त्यांना," शिलाईची थोरली बाई म्हणाली. "पण तुम्ही उत्तर द्या बाई आधी. मग विचार करा."

सगळ्यांनी उत्तर दिलं. जेवढी उत्तरं गेली तेवढे निरोप आईंच्या नावाने परत आले. त्या प्रत्येकाला पुन्हा सगळ्यांनी उत्तर द्यायचं. शिवणयंत्रं थांबली. मखमल मांडीवर तशीच पडली. आधी कोण थांबतो, हे बघायची कोणाची छाती नव्हती. नाट्यगृहात रूळ ठोकायला गेलेला शिडीवाला एका हातानं तिथली शिडी आणि दुसऱ्या हातानं फोन धरून "हो आई, हो आई" करत होता.

पुढच्या खोलीत आई चहा पीत होत्या. टेबलावर टिंग वाजलं की एक काम उरकलं, असा त्यांचा समज. "बघा, न ओरडता कशी पळतायत कामं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. सून काही अगदीच वाया गेलेली नाही, असंही त्यांना वाटून गेलं. मनातल्या मनात, अर्थात.

अशात 'हो आई'चं हे चक्र मोडावं म्हणून ड्रायव्हरनं डोकं चालवलं. त्यानं लिहिलं, "आई, व्हॅनमध्ये आधी पडदा ठेवू की शिडी?" लगेच आईंच्या नावाने तेच शब्द परत आले. "आई, व्हॅनमध्ये आधी पडदा ठेवू की शिडी?"

ड्रायव्हरला घाम फुटला. "मेलो! वेडावतायत मला. एवढंही कळत नाही का, असं म्हणायचंय त्यांना." घाईघाईनं त्यानं लिहिलं, "चुकलं माझं. माफ करा."

आणि ग्रुपवर आईंच्या नावाने निरोप झळकला. "चुकलं माझं. माफ करा."

मास्तर मटकन खाली बसले. "आईंनी माफी मागितली."

"आई माफी मागतात?" धाकटी शिलाईवाली रडवेली झाली. "काहीतरी मोठं दुखतंय त्यांना. हे अखेरच्या निरोपाचं बोलणं आहे हो!"

मग काय विचारता! शिलाईच्या बायका पदर सावरत घराकडे धावल्या. त्यांच्या मागून कात्रीसकट मास्तर. ड्रायव्हर व्हॅन घेऊन सुटला, तो पडदा न्यायला नव्हे, डॉक्टरांना आणायला. तिकडे शिडीवाला रूळ अर्धवट सोडून खाली उतरला आणि मिळेल त्या रिक्षात बसला.

आई बशी टेबलावर ठेवत होत्या, तेवढ्यात ही वरात आत शिरली.

"काय गं, कारखान्याला आग लागली का?"

"आई, तुम्ही आधी आडव्या व्हा," मास्तर म्हणाले.

"मी का आडवी होऊ? मला काय धाड भरली आहे?"

"तुम्ही माफी मागितलीत."

"मी?" आई खुर्चीतून उठल्याच. "कोणाची? कधी? कोण म्हणतं?"

ड्रायव्हर डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पट्टा आवळून रक्तदाब पाहिला आणि भुवया चढवल्या. "बराच वाढलाय."

"वाढेल नाही तर काय! जिवंतपणी माझ्या नावावर माफी चढवली ह्यांनी!"

दोरीचं भेंडोळं घेऊन सूनबाई दारात आली. तिनं गर्दी पाहिली, फोन पाहिला आणि पांढरीफटक पडली. "आई, तुमचं बोलणं तिकडे जातं, तिकडचं उत्तर इकडे येतं, आणि इकडे आलेलं सगळं तुम्हीच बोललात असं यंत्राला वाटतं. ही माफी ड्रायव्हरची आहे." तिनं उलटी जोडणी तोडली तेव्हा कुठे टिंगटिंग थांबलं. पण पडद्याची झालर अजून अर्धी होती, रूळ लोंबकळत होता आणि ऊन खिडकीवरून उतरायला लागलं होतं. सूनबाईला शिवणयंत्रापुढचं ते रिकामं स्टूल डोळ्यांसमोर दिसू लागलं.

तेवढ्यात तिच्याच फोनची घंटी वाजली. व्यवस्थापक. तिनं फोन घेतला, आणि आईंच्या खुणेसरशी सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"मी वाचलं," पलीकडून आवाज आला, आणि तो चक्क ओला होता. "मला अपेक्षाच नव्हती हो. एवढी मानी बाई, आणि सगळ्या माणसांसमोर माझी माफी! मलाच माझी लाज वाटली. झालर राहिली असेल तर इथे येऊन घाला. टेम्पो मी पाठवतो, रूळ आमची माणसं ठोकतील. आणि खिडक्या, खुर्च्या, सगळं तुमच्याकडेच."

सूनबाईनं फोनवर हात दाबला. "आई, खरं काय ते सांगू त्यांना?"

सगळे आईंकडे वळले. डॉक्टरांचाही हात पट्ट्यावरच राहिला. आईंनी मास्तरांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, सुनेच्या पडलेल्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग हात पुढे करून फोन घेतला.

"बोला."

"आई, तुम्ही माफी मागितलीत आणि मला इतकं..." व्यवस्थापक सुरू झाले.

"एकदा मागितली," आई म्हणाल्या. "सारखी सारखी मागायची मला सवय नाही. टेम्पो लवकर पाठवा."

झालरीचा शेवटचा टाका मास्तरांनी रंगमंचावर बसून घातला. तोंडाला रंग लावलेले नट त्यांच्याभोवती ताटकळत उभे होते. पडदा वर गेला तेव्हा पहिली टाळी नाटकाला नव्हे, मखमलीला पडली.

घरी आल्यावर आईंनी ऑर्डरींचा फोन सुनेच्या पुढ्यात सरकवला. "उद्यापासून तू."

सूनबाईचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही काळजी करू नका. ती उलटी जोडणी मी पार तोडून टाकली आहे. आता तुमच्या नावाने कोणाची माफी जाणार नाही."

आईंच्या कपाळाला आठी पडली.

"सगळी कशाला तोडलीस? माफीपुरती ठेवायची होती."