हैबतजी नाईक एकसष्टाव्या वर्षीं पुन्हा धांवले, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामी समर्थ. पायांस बळ देणार तोच, काढून नेणार तोच. साहेबीं पुसिलें कीं, हैबतजी नाईक जासूद उतारवयांत पुन्हा धांवावयास निघाले तें वर्तमान कैसें जाहलें, साद्यंत लिहून पाठवावें. त्यावरून जें डोळां देखिलें आणि जें नाइकांचे तोंडून ऐकिलें तें लिहितों. पदरचें कांहीं घातलें नाहीं. घालावयाचें असतें तर शेवट तरी बरा केला असता.

शके सोळाशें अठ्ठ्याऐंशी, व्यय नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासीं राज्यांत सर्व क्षेम होतें. त्या राज्याची चाल ऐशी कीं, हुजूरच्या पत्रांच्या थैल्या नेणारे जासूद जोडीनें धांवत, आणि वाटेंत एक पडला तर दुसऱ्यानें थैली घ्यावी आणि मागें न पाहतां निघावें. जासुदांच्या याद्या दोन, एक धांवत्यांची आणि एक बैठ्यांची. वयास पन्नास भरलीं कीं दारोगा नांव पहिलींतून काढी, दुसरींत मांडी, डोईस पागोटें बांधी आणि कांहीं तरी बसकें काम सोंपवी. हैबतजींस घटिकापात्रापाशीं बसविलें होतें. वाटी पाण्यांत बुडाली कीं तास वाजवावा आणि मग पुन्हा वाटी तरंगत सोडावी, ऐसें अकरा वर्षें चाललें. अन्न गोड लागेना, झोंपेंत पाय हालत, आणि बायको लाडूबाई म्हणे कीं ह्यांच्या लाथांनीं गोधडी टिकत नाहीं. मग एके दिवशीं निरोप देण्यास कोणी नव्हतें म्हणून नाईक स्वतःच दारोग्याचे घरापर्यंत शंभर पावलें धांवले, धाप लागली, कुशींत कळ आली, आणि अकरा वर्षांत प्रथम जीवास बरें वाटलें. तेथेंच घात जाहला. दुसरे दिवशीं दरबारीं उभे राहून अर्ज केला कीं, मला एकवार थैली द्यावी आणि माझें नांव धांवत्यांत घालावें.

दरबार हंसला. महाराजही हंसले, परंतु त्यांस तमाशाची हौस, म्हणून आज्ञा जाहली कीं, दसऱ्याचे पहांटे थैली मिळेल, बारा कोसांवर सरहद्दीचा किल्ला आहे तेथें दुपारच्या नौबतीपूर्वीं थैली किल्लेदाराचे हातीं देणाराचें नांव जन्मभर धांवत्यांत राहील. न साधल्यास हा विषय पुन्हा तोंडावाटे काढूं नये. जोडीस कोण, तर जुने जोडीदार भिवजी. सत्तावीस वर्षें दोघे बरोबर धांवलेले, परंतु भिवजींस धांवण्याची हौस कधींच नव्हती, पोटासाठीं धांवले आणि बसावयास मिळालें तेव्हां देवास नारळ फोडला. आतां मळ्यांत वांगीं लावून सुखी होते. ते म्हणाले, “दादा, तुम्ही म्हणतां म्हणून येतों. माझा जीव वांग्यांत आहे.” आणि आले.

मग सराव मांडिला आणि दुखण्यांची रांग लागली. चवथे दिवशीं उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. नीळकंठ वैद्यांनीं निर्गुडीच्या पाल्यानें शेकविला आणि ताकीद दिली कीं, एक कोस धांवावें, अर्धा कोस चालावें, आणि एक दिवस धांवल्यावर दोन दिवस विसांवा घ्यावा. नाइकांनीं आठ दिवस ऐकलें, नवव्या दिवशीं अंग हलकें वाटलें म्हणून चार कोस एका दमांत मारिले, आणि मग पंधरा दिवस अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून काढिले. लाडूबाई म्हणाल्या, पाय आपला, हौस आपली, आणि चोळावयाचें मात्र आम्हीं. तरी चोळीत होत्या. त्यापुढें नाईक शहाणे जाहले. गुडघा म्हणेल तितकेंच धांवूं लागले, उतारावर चालत, दगडावर उजवें पाऊल जपून टाकीत. गांवांत जो तो त्यांची खुशाली न पुसतां गुडघ्याची पुसूं लागला. आणि भाद्रपदांत एके सकाळीं, सातव्या कोसास, चिंचेच्या बनापाशीं, गुडघा दुखावयाचा थांबला. श्वास लागेना, पाय आपोआप पडूं लागले, आणि भिवजी मागून येतां पाहतात तों दादा धांवतां धांवतां रडत होते. पुसलें तर म्हणाले, हें इतकीं वर्षें कुठें होतें.

एवढें साधलें, आणि बिघडलें तें असें. उजवा गुडघा जपतां जपतां सारा भार डाव्या पायावर जात होता. सकाळीं उठतां डावी टांच ओढल्यागत आंवळे, मागची शीर दोरासारखी ताठ होई, चार पावलें चाललें कीं सुटे. नाईक वैद्यांस गुडघ्याचें रोज सांगत, टांचेचें एकदांही बोलिले नाहींत. बोलिलें तर वैद्य महिनाभर बसवील आणि दसरा जाईल, ही धास्ती. भिवजींसही कळूं दिलें नाहीं. कळलें तें लाडूबाईंस. त्या एके सकाळीं दूध उतरवितां म्हणाल्या, “अहो, तुम्ही डावी टांच भुईस लावीत नाहीं. चाळीस वर्षें हे पाय माझ्या हातांत आहेत, मला फसवूं नका. वैद्यांस सांगा.” नाईक म्हणाले, दसरा होऊं दे, मग काय सांगावयाचें तें सांगतों. त्या माउलीनें पुढें शब्द काढिला नाहीं. काढावयास हवा होता ऐसें त्या अद्यापि म्हणतात.

दसऱ्याचे पहांटे महाराज जातीनें वेशीपर्यंत आले, थैली हैबतजींचे गळां घातली, आणि जोडी निघाली. एक कोस धांवत, अर्धा कोस चालत, वैद्यांनीं घालून दिल्याप्रमाणें सर्व केलें, गुडघ्यानें ब्र काढिला नाहीं. सातव्या कोसास चिंचांपाशीं नाईक हंसले. दहावा कोस सरला आणि किल्ल्याचें निशाण दिसूं लागलें, ऊन चढलें तरी नौबतीस अवकाश होता, आणि तेव्हां नाइकांस वाटलें कीं कोणीं मागून टांचेवर धोंडा मारिला. त्यांनीं वळून पाहिलें. रस्त्यावर कोणी नव्हतें. मग दुसरें पाऊल टाकावयास गेले तों डावें पाऊल चिंधीसारखें लोंबलें आणि नाईक तोंडावर पडले. भिवजी धांवत आले, पाय हातीं घेतला, आणि पाहतांच समजले. नाइकांनीं गळ्यांतली थैली काढून पुढें धरिली. भिवजी म्हणाले, मरूं दे ती थैली, मी तुम्हांस पाठीवर घेतों. नाईक म्हणाले, “भिवा, चाल आहे. घे, आणि मागें पाहूं नको.” भिवजींनीं घेतली आणि धांवले, मागें पाहिलें नाहीं, परंतु पुढचेंही त्यांस दिसेना, ऐसे डोळे भरले होते. नौबतीवर टिपरी पडावयाची तों थैली किल्लेदाराचे हातीं पोंचली.

महाराज बहुत खुश जाहले. दुसरे दिवशीं दरबारीं पागोटें देऊन, भिवजींचें नांव आज्ञेप्रमाणें धांवत्यांत मांडिलें. भिवजींनीं पायां पडून विनविलें कीं, नांव दादांचें घालावें, मला नको, माझें वय साठ आहे, मला घरीं जाऊं द्यावें. आज्ञा जाहली कीं दिलेला शब्द फिरत नाहीं. हैबतजींस बैलगाडींतून आणिलें. नीळकंठ वैद्यांनीं टांच चांचपून पाहिली आणि पुसलें कीं ही आधीं दुखत होती काय. नाइकांनीं होय म्हटलें. वैद्य म्हणाले कीं काठीनें चालाल, धांवणें संपलें. दरबारच्या मनुष्यांनीं ह्या गोष्टीवर महिनाभर हंसून घेतलें, त्यांची नांवें लिहिण्याजोगीं नाहींत.

आतां भिवजी पंधरा दिवसांनीं एक थैली नेतात. मळा वाळला. परत आल्यावर घरीं न जातां आधीं नाइकांकडे येतात, आणि दोघे ओसरीवर बसतात, धांवण्याचा विषय काढीत नाहींत. मागील फेरीस नाइकांनीं आपण होऊन पुसलें कीं, सातव्या कोसास कैसें वाटतें. भिवजींच्या मनांत आलें कीं बरें वाटतें म्हणावें तर दादांच्या जिवास लागेल, म्हणून खरें तेंच सांगितलें, “कांहीं नाहीं, दादा. कंबर दुखते, गुडघे दुखतात. घरापर्यंत नुसतें दुखतच येतें.” तें ऐकून हैबतजी ढसढसां रडले. लाडूबाई आंतून धांवत आल्या आणि काय जाहलें पुसूं लागल्या. नाईक म्हणाले, “तेवढें दुखणें तरी मला ठेवावयाचें होतें.”

सारांश, थैली वेळेवर पोंचली, राज्याचें काम अडलें नाहीं. ज्यास धांवावयाचें होतें तो बसला आणि ज्यास बसावयाचें होतें तो धांवतो. घडलें तें लिहिलें. लेखनसीमा.