सेतुरावांचा पुरवणी प्रश्न

सेतुरावांना वेळ विचारली तर ते वेळ सांगत आणि जागचे हलत नसत. आपण आभार मानून निघालो की मागून विचारत, "पुरवणी?" घड्याळ बरोबर आहे का, मागे पडतं का, हे आपण विचारायला हवं होतं. उत्तरं त्यांच्याकडे तयार असत.

मैलापुरात ते माझे शेजारी. तंजावरी मराठी, सरकारच्या एका खात्यात कारकून. मी तिथे राहायला गेलो तेव्हा त्यांची बायको नुकतीच वारली होती. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर वाचतात, मग आमदार पुरवणी प्रश्न विचारून मंत्र्यांना खिंडीत गाठतात. कोण काय विचारील हे आधीच ताडून मंत्र्यांच्या टिपणात उत्तरं लिहिणं, हे सेतुरावांचं काम. आमदारांविषयी त्यांचं मत वाईट होतं.

"पहिला प्रश्न कोणीही विचारतो हो, पेपरवाले. दुसऱ्याला डोकं लागतं."

मी एका दैनिकाचा बातमीदार. पत्रकार कक्षात बसून झोप आवरणं हा माझा धंदा, त्यामुळे मी वाद घातला नाही.

भाचीच्या लग्नाच्या बोलणीलाही ते टिपण घेऊन गेले. वरपक्षाने एवढंच विचारलं, मुलगी गाते का. सेतुरावांनी न विचारलेल्या बावीस प्रश्नांची उत्तरं वाचून दाखवली. त्यांत आजोबांचा दमा होता. लग्न मोडलं.

एन्नोरच्या कोळीवाड्यातल्या एका शाळेला छप्पर नव्हतं. तिथल्या आमदारांनी विचारलं, छप्पर मंजूर झालं आहे काय? मंत्री म्हणाले, होय. आमदार खूश होऊन खाली बसले. मंजुरीला चार वर्षं झाली आणि छप्पर बसलेलं नाही, हे टिपणात होतं. पण कुणी विचारलं नाही. पुढच्या अधिवेशनात आमदारांनी तोच प्रश्न पुन्हा दिला. उत्तर आवडलं असावं.

तो सभागृहात यायच्या आदल्या संध्याकाळी सेतुराव माझ्याकडे आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. टिपण बाहेर फोडलं तर नोकरी जाते. त्यांच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मी तसं म्हणालो.

"उत्तर गोपनीय असतं," ते म्हणाले. "प्रश्न कुणाच्या बापाचा नाही." आणि आमदारांना द्यायची चिठ्ठी त्यांनी पुढे सरकवली.

सकाळी मी ती पोचवली. मंत्री होय म्हणाले. आमदार बसता बसता उठले आणि त्यांनी चिठ्ठी वाचली: पावसात मुलं कुठे बसतात?

मंत्र्यांनी टिपणाचं पान उलटलं. उत्तर तयार होतं. ते त्यांनी वाचलं आणि काय वाचलं ते नंतर त्यांच्या लक्षात आलं. "बसत नाहीत. घरी पाठवली जातात." सभागृह हसलं, मग हसायचं थांबलं. पावसाळ्याआधी छप्पर बसेल, असं मंत्र्यांना कबूल करावं लागलं.

संध्याकाळी सेतुरावांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. इतका साधा प्रश्न तुम्हाला सुचला कसा, मी विचारलं.

"माझा नव्हे तो. माझ्या बायकोचा, कावेरीचा. त्याच शाळेत शिकवत होती. दोन बस बदलून घरी यायची आणि चप्पल काढायच्या आधी हेच विचारायची."

"तुम्ही काय सांगायचात?"

"फाईल बघतो म्हणायचो. दोन वर्षं विचारलं तिने. मग बंद केलं. मला वाटलं, समाधान झालं."