बारा व्होल्टांचा नमस्कार

हाती येणारी गोष्ट आपणहून कमी करून घेणं माणसाच्या स्वभावात नाही. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळा समितीच्या तर ते धोरणातही नाही. १९९७ साली या धोरणाची कसोटी लागली, आणि समितीचा चिटणीस या नात्याने मी अभिमानाने सांगतो की धोरण शाबूत राहिलं. (बाहुली राहिली नाही.)

विज्ञान शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी दोन महिने खपून पाहुण्यांना नमस्कार करणारी बाहुली केली होती. शाळेच्या कार्यक्रमात ती नीट चालली तर मॅडम तिला घेऊन बारामतीच्या प्रदर्शनाला जाणार होत्या. बाहुलीच्या खांद्यांत काडेपेटीहून लहान अशा दोन मोटारी होत्या. त्यांना लागायचे पाच व्होल्ट. त्यांना हुकूम सोडणारा डबा मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, म्हणजे बारावर चालायचा. म्हणून मॅडमनी मधे व्होल्टेज उतरवणारा एक तुकडा बसवला होता.

हा तुकडा समितीच्या नजरेस आला. अध्यक्ष बिरदेव तात्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"मॅडम, बारा येत्यात आन् तुमी पाचच देताय. मधले सात कुठं जात्यात?"

"त्याची उष्णता होते, तात्या."

"मंजी वायाच की."

"पण जास्त दिले तर मोटारी जळतील."

यावर सगळ्यांनी मॅडमकडे सहानुभूतीने पाहिलं. मॅडमना शेती नव्हती. हजर असलेल्या नऊ सदस्यांच्या मिळून आजवर सव्वीस मोटारी जळाल्या आहेत (नदीवरच्या चौदा, विहिरीवरच्या अकरा, पिठाच्या गिरणीची एक), आणि त्यातली प्रत्येक व्होल्टेज कमी पडल्याने जळाली. जास्त व्होल्टेजने जळालेली मोटार आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही, कारण जास्त व्होल्टेजच कुणी पाहिलेलं नाही.

"जल्मभर आमी कमी व्होल्टेज सोसलं," सदस्या द्वारकाबाई म्हणाल्या. "आता त्या लेकरालाबी अर्धपोटी ठिवायचं व्हय?"

तुकडा काढण्यात आला. मॅडमचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नसतो.

कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे निवडणुकीला उभे होते. बाहुलीने हात जोडले, साहेबांनीही जोडले. बाहुलीने लगेच पुन्हा जोडले. समोरच्याचा नमस्कार रिकामा जाऊ द्यायचा नाही, अशी आमच्या भागाची रीत आहे, आणि उमेदवाराला तर ती मोडताच येत नाही. अर्ध्या मिनिटात उभय बाजूंनी एकेचाळीस नमस्कार झाले (नोंद 'सत्कार' या शीर्षकाखाली). मग बाहुलीच्या खांद्यांतून धूर निघाला. साहेबांना तो धूप वाटला. त्यांनी डोळे मिटून बेचाळिसावा नमस्कार केला.

चौकशी बैठकीत कारण निश्चित झालं: व्होल्टेज कमी पडलं. पुढच्या वर्षी ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस द्यावेत, असंही सुचवण्यात आलं.

"एकानं तरी खरं लिहा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला मोटारच जोडता येत नाही असं सगळ्यांना वाटेल. मग बारामतीला मला कोण उभं करणार?"

पेन माझ्या हातात होतं. तात्या माझ्याकडे बघत होते. मी 'कमी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

असा अहवाल कायम होण्याआधी वाचावा लागतो. तो आपण आत्ता शेवटपर्यंत वाचलात. दोन-तीन ठिकाणी हसलातही, पण मॅडमच्या बाजूने हरकत कुठंच घेतली नाहीत. सबब उपस्थितांत आपलं नाव घालून ठराव एकमताने मंजूर केला आहे. सही तात्यांच्या खाली करावी.